मधली पिन

नवी फ्लॅशगन हातात आली की मी सर्वांत आधी तिचा पाय बघते. डोकं किती फिरतं, झूम कुठवर जातो, स्क्रीनवर काय काय दिसतं, हे सगळं मागाहून. कॅमेऱ्याच्या शूमध्ये सरकणाऱ्या त्या पायाच्या तळाशी मधोमध एक जाड पिन असते आणि तिच्या आसपास चार-दोन बारक्या. बारक्या पिनांच्या जागा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. मधलीची जागा मात्र कॅनन, निकॉन, फुजी, गोडॉक्स सगळ्यांची एकच, आणि कॅमेऱ्याच्या शूमध्ये तिच्यासाठी धातूची एक गोल टिकली असते. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा ही टिकली शूच्या कडेशी जोडून देतो आणि गन पेटते. एवढाच व्यवहार. किती पेटायचं, कधी विझायचं, लेन्स किती मिलिमीटरवर आहे, आयएसओ किती लावलाय, ही देवाणघेवाण बारक्या पिनांवरून होते. ती ज्या-त्या कंपनीच्या घरातली असते. परक्या साध्या गनला त्यातलं काही कळत नाही.

मी पुण्यात लग्नं आणि मुंजी करते. माझ्या बॅगेत कॅमेरा एका कंपनीचा, गन दुसरीच्या आणि ट्रिगर तिसरीचा, असं कायम असतं. नवीन मुलं हे बघून म्हणतात, ताई, पैसे आले की सगळं एकाच कंपनीचं घ्या. पैशाचा मुद्दा खरा आहे. मूळ कंपनीच्या वरच्या दर्जाच्या एका गनच्या किमतीत दुसऱ्या कंपनीच्या तीन-चार साध्या गन येतात. पण पैसे आल्यावरही मी त्या बदलल्या नाहीत, कारण मंगल कार्यालयात एका हुशार गनपेक्षा तीन साध्या गन जास्त उपयोगी पडतात. एक स्टेजच्या डाव्या बाजूला उंच स्टँडवर, एक मागे वधूवरांच्या खांद्यामागून, एक हातात. नऊवारीची जर, नथीतला मोती, शालूचा पोत हे सगळं बाजूने आलेल्या उजेडात दिसतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून समोर मारलेल्या उजेडात जर नुसती पांढरी फटक होते, मग गन कितीही महाग असो.

हे मी ज्यांच्याकडे शिकले ते काका रोलच्या काळातले. सदाशिव पेठेत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटात नॅशनलच्या छोट्या गन होत्या आणि मेट्झची दांडीवाली मोठी गनही होती, जी कॅमेऱ्याच्या बाजूला पट्टीवर बसवून डाव्या हातात धरायची. त्या पिढीला कॅमेरा आणि गन एकाच कंपनीची असावी असं वाटलंच नव्हतं. मेट्झ ही जर्मनीतल्या फ्युर्थ गावची कंपनी, १९३८ साली सुरू झालेली. तिने कॅमेरे नाही, तर गन विकून नाव कमावलं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी एससीए नावाचे वेगवेगळे पाय बनवले. गन तीच, कॅमेरा बदलला की फक्त पाय बदलायचा. मला आजही वाटतं की हे सगळ्यात शहाणं उत्तर होतं.

त्या जुन्या गनवर ‘ऑटो’ नावाचा एक प्रकार असे, आणि तो समजून घेतल्यावर माझा या धंद्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. गनच्या पुढच्या बाजूला एक छोटा डोळा असतो. समोरच्या माणसावर पडून परत आलेला उजेड हा डोळा मोजतो आणि पुरेसा झाला की गन स्वतःला विझवते. कॅमेऱ्याला विचारावं लागत नाही. तुम्ही फक्त ॲपर्चर आणि आयएसओ गनला सांगितलेत की झालं. म्हणून निकॉनची जुनी एसबी-२८, जिचा टीटीएल, म्हणजे लेन्समधून आत आलेला उजेड कॅमेऱ्याने मोजण्याचा प्रकार, डिजिटल कॅमेऱ्यावर चालत नाही, ती ऑटोवर आजही व्यवस्थित काम करते, आणि तीही नुसत्या मधल्या पिनवर.

रोलच्या काळात कॅमेऱ्याच्या आत बसून उजेड मोजण्याची युक्ती ऑलिम्पसने १९७५ च्या ओएम-२ मध्ये आणली: फिल्मवर पडून उलटणारा उजेड मोजायचा आणि वेळेवर गन थांबवायची. डिजिटल सेन्सर फिल्मसारखा उजेड उलटवत नाही, त्यामुळे ही पद्धत टिकली नाही. आता कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडतो, ती मोजतो, हिशेब करतो आणि मग खरी चमक सोडायला सांगतो. कॅननने १९९५ पासून ई-टीटीएल आणि निकॉनने २००३ पासून आय-टीटीएल आणलं ते याच पायावर. दोघांचे हिशेब वेगळे, पिना वेगळ्या.

जुन्या गनबद्दल एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला जीव तोडून सांगते. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात गेलात तर कॅमेऱ्यांच्या ढिगात अशा गन मिळतात, आणि त्या मोहात पाडतात. घ्या, पण मल्टिमीटरने तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. तपकीर गल्लीत साधा मल्टिमीटर कुठल्याही दुकानात मिळतो. गनमध्ये नवे सेल घालायचे, चालू करून तयारीचा दिवा लागेपर्यंत थांबायचं, लाल टोक मधल्या पिनला आणि काळं टोक पायाच्या बाजूच्या धातूला लावायचं. हल्लीच्या गनवर व्होल्टचा आकडा एक अंकी येतो. सत्तरच्या दशकातल्या कित्येक गनवर, सुरुवातीच्या व्हिव्हिटार २८३ वरसुद्धा, तो २०० च्या वर जातो. रोलच्या कॅमेऱ्यात मधल्या टिकलीमागे धातूच्या दोन पट्ट्या असायच्या, त्यांना विजेच्या या दाबाचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. निकॉन आपल्या कॅमेऱ्यांसाठी २५० व्होल्टची मर्यादा सांगते, तर कॅननच्या सुरुवातीच्या काही डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ती अवघी ६ व्होल्ट होती. जास्त दाबाची गन कॅमेऱ्यावर लगेच धूर काढेल असं नाही. कधी कधी ती महिनाभर नीट चालते आणि मग एका दिवशी शू मरतो. म्हणूनच अंदाजावर जायचं नाही. दाब जास्त निघाला तर ती गन कॅमेऱ्यापासून लांब ठेवून, दुसऱ्या चमकेकडे बघून पेटणाऱ्या स्लेव्हवर वापरावी.

परकी गन डोक्यावर असली की कॅमेऱ्याला ती दिसत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मे घोळ टळतात. गन आहे हे माहीत नसल्यामुळे ॲपर्चर प्रायॉरिटीवर कॅमेरा खोलीच्या उजेडाप्रमाणे शटर निवडतो. तो सिंकच्या पलीकडे, म्हणजे साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेला की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते, कारण तेवढ्या वेगात शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी बाजूला नसतात. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर आणि शटर सिंकच्या आत, हे ठरलेलं. ऑटो आयएसओ बंद. व्हाइट बॅलन्स आपण लावायचा. मिररलेस कॅमेऱ्यात आणखी एक गंमत होते: मॅन्युअलवर कॅमेरा व्ह्यूफाइंडरमध्ये येणाऱ्या फोटोचा अंदाज दाखवतो, आणि गन हिशेबात नसल्याने तो अंदाज काळाकुट्ट असतो. समोरचा माणूस दिसतच नाही. मेनूत जाऊन हा अंदाज बंद करावा लागतो. सायलेंट शटर चालू राहिलं असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांवर गन पेटणारच नाही, तेही बघायचं.

गनच्या बाजूनेही तेच. स्वतःच्या कंपनीची गन शटर अर्धवट दाबताच झोपेतून उठते, कारण तो निरोप बारक्या पिनांवरून जातो. परक्या गनला निरोप मिळत नाही. हार घालण्याच्या आधी दहा मिनिटं गुरुजींचं काही चाललेलं असतं, तेवढ्यात गन झोपते आणि नेमका हार पडताना ती अंधारात असते. स्टँडबाय बंद करणं ही माझ्या कामातली पहिली पायरी आहे, सेल जास्त गेले तरी चालतील. तसंच अंधाऱ्या हॉलमध्ये फोकसला मदत करणारा गनचा लाल किरण परक्या कॅमेऱ्यावर सुटत नाही. तेव्हा मी फोकस नऊवारीच्या काठावर किंवा मुंडावळ्यांच्या मोत्यांवर धरते, जिथे उजेड-अंधाराची सीमा स्पष्ट आहे. बारक्या पिना चुकीच्या टिकल्यांना टेकून विचित्र वागू नयेत म्हणून काही जण त्यांच्यावर इन्सुलेशन टेप लावतात. निकॉनची गन कॅननवर लावायची असेल तर मीही लावते.

मग उजेड किती, हे कोण ठरवणार? आपणच. यासाठी गाइड नंबरचा हिशेब यायला हवा, आणि तो अवघड नाही. गाइड नंबरला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. खोक्यावर छापलेला ६० हा आकडा गनचा झूम २०० मिलिमीटरवर असतानाचा असतो. ३५ मिलिमीटरवर तो साधारण ३६ भरतो, आणि कार्यालयात मला ३५ चाच लागतो. आयएसओ ४०० केला की तो दुप्पट, ७२. गन १/१६ वर उतरवली की चतुर्थांश, १८. एफ ५.६ ला हा उजेड सव्वातीन मीटरवर बरोबर पडतो. साडेचार मीटरवर १/८ लागेल, सव्वादोन मीटरवर १/३२ पुरेल. मुंजीत हे तीन आकडे माझ्या डोक्यात असतात आणि पावलांनी मी अंतर मोजते. मातृभोजनाला बटू आईच्या मांडीवर बसतो, मी ठरलेल्या जागी गुडघे टेकते आणि तिथून हलत नाही. घास भरवणारी आई, बाजूच्या आठ मुंज्यांची रांग, आजीचे डोळे पुसणं, सगळे फोटो एकाच उजेडाचे येतात.

टीटीएलवर हेच काम केलं तर काय होतं ते मुंजीत फार स्पष्ट दिसतं. बटूचं धोतर पांढरं, ताटं चांदीची. एवढं पांढरं बघून कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. पुढच्याच फोटोत एखाद्या पाहुण्याचा गडद कोट मधे आला की उजेड वाढतो आणि मुलाचा चेहरा उडतो. अल्बमच्या एका पानावर असे चार फोटो शेजारी शेजारी लावायचे म्हटले की रात्र रात्र संगणकासमोर जाते. जागा ठरलेली असेल तिथे मॅन्युअलला पर्याय नाही, हे माझं ठाम मत आहे. परक्या गनने मला मॅन्युअलवर आणलं, आणि स्वतःच्या कंपनीची गन आली तरी मी तिथून मागे गेले नाही.

अक्षतांचं तर विचारूच नका. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट सरकतो आणि त्या दोन सेकंदांत हवेत तांदूळच तांदूळ असतात. गन कमी ताकदीवर असली की तिची चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकी छोटी होते, कारण ताकद कमी करणं म्हणजे नळी लवकर विझवणं. मग प्रत्येक दाणा हवेत थांबलेला दिसतो. पूर्ण ताकदीवर चमक लांबते आणि दाण्यांच्या रेषा होतात. म्हणून अक्षतांच्या वेळी मी एक गन पूर्ण ताकदीवर न लावता दोन गन १/१६ वर लावते. तीन साध्या गनचा फायदा असा इथे हातात येतो. शिवाय १/१६ वर त्या लगेच पुन्हा भरतात आणि पाठोपाठ फोटो घेता येतात.

सगळीकडे मॅन्युअल चालत नाही, हेही तितकंच खरं. वरात रस्त्याने येते, अंतर दर पावलाला बदलतं, तिथे भागाकार करत बसलात तर नवरी गाडीतून उतरून आत जाईल. त्यासाठी माझ्याकडे परक्या कंपनीची, पण माझ्या कॅमेऱ्याचे सगळे निरोप कळणारी एक गन आहे. अशा गन बनवणारे लोक कॅमेरा कंपन्यांचे निरोप स्वतः उकलतात, आणि कॅमेऱ्याचं नवं मॉडेल आलं की संगणकाला जोडून गनचं फर्मवेअर बदलावं लागतं. लग्नसराईच्या तोंडावर नवा कॅमेरा घेऊ नये असं मी म्हणते ते याच कारणाने. नदीकाठच्या लॉन्सवर भरदुपारी लग्न असेल तरीही ही गन लागते. तिथे उजेड उडवायला छत नाही, ऊन कडक, आणि १/२०० च्या आत राहायचं तर ॲपर्चर एफ ११ वर जाऊन मागची सगळी गर्दी टोकदार दिसते. सिंकच्या पुढच्या वेगावरही गन चालवण्याची सोय, म्हणजे हाय-स्पीड सिंक, मधल्या पिनवर मिळत नाही.

आधीच्या बारीक चमकेमुळे आणखी एक प्रकार होतो. कोपऱ्यातल्या गन स्लेव्हवर ठेवल्या आणि पाहुण्यांपैकी कुणी टीटीएलवर फोटो काढला की आमच्या गन त्या मोजणीच्या चमकेलाच पेटतात. आपल्या सेलवर दुसऱ्यांचे फोटो उजळतात आणि आपल्या वेळी गन रिकामी. एस-टू नावाचा प्रकार पहिली चमक सोडून देतो, पण गर्दीत तोही पुरत नाही. रेडिओ ट्रिगर स्वस्त झाले आणि हा त्रास संपला. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या लग्नांतला उजेड सुधारला असेल तर त्याचं सर्वांत मोठं श्रेय मी या ट्रिगरांना देईन.

विसर्जनाच्या रात्री हाच ट्रिगर वेगळ्या कामी येतो. मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकापर्यंत पथकं चालतात, गुलाल आणि धूळ हवेत भरून असते. गन कॅमेऱ्यावर असेल तर लेन्ससमोरचा प्रत्येक कण उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. म्हणून गन मोनोपॉडवर, माझ्या उजव्या हाताला चार पावलं दूर, सोबतच्या मुलाच्या हातात उंच. मग तोच गुलाल बाजूने उजळतो आणि ढोलवाल्यांच्या भोवती रंगाचा पडदा उभा राहतो. पाऊस आला तर गनवर प्लॅस्टिकची पिशवी, रेडिओला तिचा अडथळा नाही. शूमध्ये मात्र पाणी जाऊ द्यायचं नाही. टिपरूचा माग दिसावा म्हणून शटर १/१५ वर ठेवून चमक शेवटी सोडायची असते, म्हणजे माग टिपरूच्या मागे राहतो. निकॉनवर हे परक्या गननेही जमतं, कारण तिथे मधली टिकली कधी जोडायची ते कॅमेरा ठरवतो. कॅननवर परक्या साध्या गनने जमत नाही. त्या रात्री मी कोणता कॅमेरा नेते ते या एका गोष्टीवर ठरतं.

हे सगळं ज्या टिकलीवर उभं आहे, तिला धक्का बसतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. मिनोल्टाने १९८८ मध्ये आपला निराळ्याच घडणीचा शू आणला आणि पुढे तो सोनीकडे गेला. सोनी २०१२ मध्ये परत सर्वसामान्य आकाराकडे आली. ती दिलाशाची बातमी होती. पण २०१८-१९ च्या सुमारास कॅननने ३०००डी आणि २००डी मार्क टू यांसारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांच्या शूमधून मधली टिकलीच काढून टाकली. या कॅमेऱ्यांवर साधी मॅन्युअल गन किंवा साधा ट्रिगर पेटत नाही. कॅननचे निरोप कळणारी गनच हवी. एका धातूच्या टिकलीने कंपनीची किती बचत होणार? आणि ज्यांच्याकडे पैसे सर्वांत कमी, नेमक्या त्यांच्याच कॅमेऱ्यातून ती गेली. गावाकडून पुण्यात येऊन या धंद्यात शिरणारी मुलं असाच कॅमेरा हप्त्याने घेतात, काकांनी किंवा मामांनी दिलेली जुनी गन त्यावर चढवतात, ती पेटत नाही आणि त्यांना वाटतं गन बिघडली. माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा त्यांना मी शूमध्ये बोटाने दाखवते, की टिकली नाही, गन ठणठणीत आहे. पहिला कॅमेरा जुना घ्या, पण टिकलीवाला घ्या, हा माझा सल्ला असतो.

आता लग्नाच्या कामाला माझ्या टीममध्ये तीन-चार जण असतात आणि प्रत्येक जण आपला कॅमेरा घेऊन येतो. एक निकॉनवाला, एक सोनीवाली, मी कॅननवर. गन सगळ्या माझ्या, स्टँडवर जागच्या जागी, एकाच चॅनेलवर. ट्रिगर एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा सेटिंगमध्ये फक्त मधल्या पिनवर चालण्याचा पर्याय निवडायचा. गुरुजींच्या बाजूने निकॉनवाला, मामाच्या बाजूने सोनीवाली, दोघांच्या फोटोंत स्टेजवरचा उजेड एकच. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे कॅमेरे टेबलावर ठेवतो, प्रत्येकावर ट्रिगर लावून भिंतीचा एक फोटो काढतो आणि शटर १/१६० वर बांधून टाकतो, कारण सगळ्यांचा सिंक सारखा नसतो. टीममध्ये एखादा नवीन मुलगा टिकली नसलेला कॅमेरा घेऊन आला तर त्याला परत पाठवायचं नाही. सकाळची हळद, अंगणातली रांगोळी, खिडकीजवळ तयार होणारी नवरी आणि दुपारची पंगत ही कामं त्याच्याकडे जातात.